छोट्या चार्जरची परीक्षा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताचा आणि नानासाहेब पेशव्यांचा इतिहासही झाला. त्यांच्या पंक्तीला बॅटरीचा चार्जर बसलेला पाहून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. हा विषय आम्ही निवडलेला नाही. तो कार्यकारिणीने आमच्याकडे सोपवला, त्यावर आम्ही एक लेखी अहवाल दिला, आणि लेखी अहवाल वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही हे ओळखून चिटणीसांनी आम्हांला येथे बोलायला उभे केले आहे.

प्रकरण थोडक्यात असे. आपल्या मंडळातील काही तरुण मुलांना रेडिओ-नियंत्रित छोटी विमाने उडवण्याचा छंद लागला आहे. रविवारी पहाटे ही मंडळी मैदानावर जातात आणि शनिवारी रात्री बॅटऱ्या चार्ज करतात. घरी आईवडील काचकूच करतात म्हणून हे काम मंडळाच्या वास्तूत, रंगमंचाच्या मागील खोलीत होऊ लागले. त्या खोलीत मखमली पडदे आहेत, लाकडी देखावे आहेत, आणि भिंतीपलीकडे पन्नास वर्षांत जमवलेले ग्रंथालय आहे. गेल्या मे महिन्यात तेथील कपाटात ठेवलेली एक बॅटरी पुरीसारखी फुगलेली आढळली. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले की हा उद्योग तत्काळ बंद करावा. मुलांचे म्हणणे असे की चार्जर उत्तम आहे, त्याच्या पडद्यावर सगळे आकडे दिसतात, तो वेळेवर आपोआप थांबतो, सबब भीतीचे कारण नाही. दोन्ही बाजू ठाम होत्या आणि मोजमाप मात्र कोणीच केलेले नव्हते. ते करण्याची कामगिरी आमच्यावर आली.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विद्युत्शास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. मात्र छोट्या विमानांचा नाद आम्हांला पुष्कळ वर्षांपासून आहे, आणि केंद्र सरकारच्या नोकरीत एक सवय अंगवळणी पडली आहे, ती ही की कागदावर जो आकडा लिहिला आहे तो पडताळून पाहिल्यावाचून त्याखाली सही करायची नाही. या परीक्षेला एवढी पात्रता पुरली.

आधी या बॅटरीविषयी सांगितले पाहिजे, कारण तिचा स्वभाव समजला नाही तर चार्जरची परीक्षा कशासाठी हेच कळणार नाही. एके काळी ही छोटी विमाने मेथॅनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या चिमुकल्या इंजिनांवर उडत असत, आणि उडवणाऱ्याच्या कपड्यांना त्या एरंडेलाचा वास दिवसभर येत असे. विजेवर विमान उडवण्याचा यत्न १९५७ साली इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी यशस्वी केला. त्यासाठी त्यांनी चांदी आणि जस्त यांची बॅटरी वापरली. पुढे निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या. त्या टिकाऊ होत्या, परंतु जड होत्या. विमान उडे, पण गरुडासारखे नव्हे, कोंबडीसारखे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि त्याच कुळातील, जाड धातूच्या डब्याऐवजी पातळ पाकिटात बांधलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी छंदिष्टांच्या हाती आल्यावर सगळा खेळच पालटला. या रसायनाचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल.

आपली मुले वापरतात ती बॅटरी तीन सेलची, २२०० मिलिअँपियर-तासांची आहे. प्रत्येक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, म्हणून तिन्ही मिळून ११.१ व्होल्ट. गुणाकार केला तर सुमारे २४ वॉट-तास ऊर्जा तीत मावते. हा आकडा पुष्कळांना निरर्थक वाटेल, म्हणून स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. पाव लिटर गार पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे दोन कप चहाचे पाणी. हे ऐकून निर्धास्त होऊ नये. चहाचे पाणी शेगडीवर पाच मिनिटे घेते. बिघडलेली बॅटरी ती सर्व उष्णता काही सेकंदांत एका मुठीएवढ्या जागेत सोडू शकते, आणि आतील द्रव स्वतः ज्वालाग्राही असल्यामुळे तो जळतो ती उष्णता निराळीच.

आता मुख्य मुद्दा. जुनी निकेल-कॅडमियमची बॅटरी पूर्ण भरल्यावरही मंद प्रवाह चालू राहिला तर बिचारी सोसत असे. आत निर्माण होणारा प्राणवायू आतल्या आतच पुन्हा जिरवला जाई, जादा ऊर्जेची उष्णता होई, बॅटरी कोमट होई, आणि विषय संपे. रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्याची पद्धत त्या काळातली. लिथियमच्या सेलमध्ये अशी पळवाट नाही. तो ४.२० व्होल्टपर्यंत भरायचा आणि तेथे थांबायचे. त्यापुढे ढकलले तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर बसू लागतो, धनाग्रातील पदार्थ अस्थिर होऊन प्राणवायू सोडू लागतो, द्रवाचे विघटन होऊन वायू होतो. पाकीट फुगते ते या वायूमुळे. पुढची पायरी अग्नीची. म्हणून लिथियमच्या चार्जरची थोरवी तो किती जोराने भरतो यावर नाही. तो कोठे थांबतो यावर आहे.

भरण्याची रीत अशी असते. प्रारंभी चार्जर ठराविक प्रवाह देत राहतो, आपल्या बॅटरीला २.२ अँपियर, म्हणजे तासाभरात भरेल एवढा. सेलची व्होल्टता ४.२० ला टेकली की प्रवाह स्थिर ठेवण्याऐवजी व्होल्टता स्थिर धरली जाते आणि प्रवाह आपोआप मंदावत जातो. हंडा तोंडाशी आला की आपण नळ बारीक करतो, तसेच. प्रवाह मूळच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरला की चार्जर भरणे बंद करतो. तीन सेल एकमेकांना साखळीत जोडलेले असल्याने आणखी एक काम येते. त्यांतला एक लवकर भरला आणि दुसरा मागे राहिला तर एकूण बेरीज बरोबर दिसूनही एकटा सेल मर्यादा ओलांडू शकतो. यासाठी बॅटरीला दोन जाड तारांखेरीज एक बारीक तारांचा पांढरा जोड असतो, त्याला बॅलन्सची तार म्हणतात. तिच्यावाटे चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि जो पुढे गेला असेल त्याची थोडी ऊर्जा एका रोधात जाळून त्याला मागच्यांच्या रांगेत आणतो.

आमच्यापुढे ठेवलेला चार्जर हातरुमालाच्या घडीएवढा आहे. उत्पादकाचे नाव आम्ही घेत नाही. एका नगावरून कारखान्याचा निवाडा करणे न्याय्य होणार नाही. त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी आहेत. प्रवाह ६ अँपियर, शक्ती ५० वॉट, आणि सहा सेलपर्यंतच्या बॅटरीला उपयुक्त. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु एकाच वेळी खऱ्या नाहीत. सहा सेलची बॅटरी भरत आली की २५.२ व्होल्टवर असते. ५० वॉटला २५ ने भागले तर जेमतेम २ अँपियर हाती येतात. तीन सेलना १२.६ व्होल्टवर ४ अँपियर मिळतील. पूर्ण ६ अँपियर फक्त एकदोन सेलच्या बॅटरीलाच मिळायचे. जाहिरातीच्या पाटीवर शेजारी शेजारी बसलेले आकडे प्रत्यक्षात एका घरात नांदत नाहीत, हे आमच्या मुलांना ठाऊक नव्हते. आपल्या तीन सेलच्या बॅटरीला २.२ अँपियर पुरेसे असल्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. मात्र त्यांच्यातील एकजण मोठी सहा सेलची बॅटरी घेण्याच्या बेतात होता, त्याचा बेत या भागाकाराने लांबणीवर पडला.

परीक्षेला बसण्यापूर्वी आम्ही परीक्षकाची परीक्षा घेतली. आमच्याजवळचा मल्टिमीटर साधा आहे. अशा मीटरची अचूकता बहुधा अर्ध्या टक्क्याची असते. ४.२० चा अर्धा टक्का म्हणजे सुमारे ०.०२ व्होल्ट. जेथे ०.०३ व्होल्टच्या फरकावर निर्णय द्यायचा तेथे ०.०२ चे अज्ञान घेऊन बसणे म्हणजे लवत्या काट्याने सोने तोलणे होय. म्हणून येथील एका कारखान्याच्या मापनकक्षात आमचे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे मीटर नेला. तेथील मीटरला दरसाल प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते देणाऱ्या प्रयोगशाळेला आपली मापे वरच्या प्रयोगशाळेशी जुळवावी लागतात, आणि ही साखळी शेवटी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवलेल्या व्होल्टच्या राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचते. सरकारी फायलीचा प्रवासही असाच खालून वर असतो, फरक इतकाच की येथे वर गेलेले काम चोख होऊन परत येते. आमचा मीटर ४ व्होल्टच्या आसपास ०.०१ ने जास्त दाखवतो असे निष्पन्न झाले. यापुढे सांगतो ते सर्व आकडे हा फरक वजा करून आहेत.

पहिली आणि महत्त्वाची चाचणी थांबण्याच्या जागेची. बॅटरी भरत आली, प्रवाह मंदावला, चार्जरने शीळ घातली. पडद्यावर तिन्ही सेल ४.२० असे झळकत होते. मुलांनी आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. आम्ही बॅलन्सच्या जोडावर मीटरची टोके लावली. पहिला सेल ४.२०. दुसरा ४.२०. तिसरा ४.२३. टोके उचलून पुन्हा लावली, पुन्हा तेच. दुसरी बॅटरी घेतली, तिचाही तिसरा सेल ४.२३. तिसरी बॅटरीही तसेच सांगू लागली तेव्हा शंका उरली नाही. दोष बॅटरीत नव्हता; चार्जरचा तिसरा कान जरा बहिरा होता. तिसऱ्या सेलची व्होल्टता तो प्रत्यक्षाहून ०.०३ ने कमी ऐकत होता, आणि कमी ऐकू येते म्हणून तितके अधिक भरत होता.

येथे थोडे थांबावेसे वाटते. पडद्यावर ४.२० दिसत होते ते खोटे बोलण्यासाठी नव्हे. पडद्यावरचा आकडा आणि थांबण्याचा निर्णय हे दोन्ही एकाच मापनावर उभे होते. मापन चुकले की दोन्ही एकदमच चुकतात, आणि एकमेकांशी मात्र तंतोतंत जुळतात. चार्जर बरोबर आहे हे चार्जरच्याच पडद्यावरून ठरवणे म्हणजे रोकडीची मोजणी न करता खजिनदाराच्या वहीवर शिक्का मारण्यासारखे आहे. खजिनदार प्रामाणिक असेल. वहीतली बेरीजही बरोबर असेल. पण पेटी उघडून पाहावीच लागते.

०.०३ व्होल्ट हा प्रलय नव्हे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ४.२३ ला सेल पेट घेत नाही. परंतु प्रत्येक वेळी थोडे अधिक भरल्याने त्याचे आयुष्य घटते, आणि मापनातला हा दोष काळाबरोबर वाढणार नाही अशी हमी कोणी दिलेली नाही. शिवाय चूक ज्या बाजूला झाली ती बाजू वाईट. हाच चार्जर ४.१७ ला थांबता तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती.

बॅलन्सची चाचणी याच्याशीच निगडित आहे. एका सेलमधून आम्ही मोटारसायकलच्या छोट्या दिव्याच्या साहाय्याने मुद्दाम थोडी ऊर्जा काढून घेतली आणि मग बॅटरी चार्जरला लावली. एरवी सव्वा तासात आटोपणारे काम या वेळी दोन तासांच्या घरात गेले, कारण पुढे गेलेल्या दोन सेलना मागे ओढणारे रोध फार लहान असतात. त्यांतून पाव अँपियरच्या आसपासच प्रवाह जातो. चार्जरने काम नेटाने पुरे केले. तिन्ही सेल त्याच्या मते सारखे झाले. आमच्या मीटरच्या मते तिसरा पुन्हा ०.०३ ने वर होता. तराजूच झुकता असला म्हणजे समान वाटणीही त्या बाजूला झुकते.

यानंतर चुकीची आज्ञा देण्याची चाचणी. यंत्र बरोबर चालवणाऱ्याच्या हाती बरे वागते यात नवल नाही. शनिवारी रात्री अकरा वाजता झोपाळलेल्या मुलाच्या हाती ते कसे वागते हे पाहायचे होते. तीन सेलची बॅटरी लावून दोन सेल असल्याचे सांगितले. बॅलन्सची तार जोडलेली होती. चार्जरने सेल मोजले आणि ठाम नकार दिला. शाबास. मग ती तार काढली. आता त्याने ‘खात्री आहे काय’ एवढेच विचारले आणि आमच्या होकाराची वाट पाहू लागला. आम्ही नकाराची कळ दाबली. यातला धोका कागदावर मांडून पाहा. पाच सेलची बॅटरी प्रत्येकी ४ व्होल्टवर असेल तर एकूण २० व्होल्ट होतात. कोणी ती सहा सेलची म्हणून सांगितली तर चार्जरच्या हिशेबी प्रत्येक सेल ३.३३ व्होल्टवर, म्हणजे जवळजवळ रिकामा ठरतो. मग तो एकूण २५.२ व्होल्ट होईपर्यंत भरत राहील, म्हणजे पाच सेलना प्रत्येकी ५ व्होल्टच्या वर नेऊ पाहील. तेथवर पोहोचण्यापूर्वीच व्हायचे ते होऊन जाईल. बारीक तारांचा तो पांढरा जोड जोडायचा कंटाळा करणे किती महाग पडू शकते ते या गुणाकारात आहे.

आणखी एक उणीव आढळली. या चार्जरला सेल मोजता येतात, पण सेलचे कुळ ओळखता येत नाही. बाजारात ४.३५ व्होल्टपर्यंत भरायचे लिथियमचे सेल मिळतात, आणि ३.६ व्होल्टच्या आसपास थांबायचे लिथियम-लोह-फॉस्फेटचेही मिळतात. चार्जरवर या सर्वांची निवड एकाच कळीने होते. साध्या बॅटरीला आम्ही ४.३५ ची आज्ञा दिली. बॅलन्सची तार असूनही चार्जरने हूं की चूं न करता काम सुरू केले. अर्थात आम्ही ते तत्क्षणी बंद केले. यावर यंत्रात उपाय नाही. आपल्या मंडळात सध्या एकाच प्रकारच्या बॅटऱ्या आहेत म्हणून निभावते. दुसरी आली की तिला वेगळ्या रंगाची पट्टी लावलीच पाहिजे.

आपल्या प्रांतात वीज जाण्याची चाचणी वगळून चालणार नव्हते. ऐन भरात बटण बंद केले, पाच मिनिटांनी चालू केले. चार्जर जागा झाला, पण स्वतःहून पुन्हा भरू लागला नाही. आज्ञेची वाट पाहत राहिला. हे फार चांगले लक्षण. जोडीला मिळालेला १२ व्होल्ट, ५ अँपियरचा अडॅप्टर मात्र काठावरचा आहे. ५० वॉट बाहेर द्यायचे तर आत ६० च्या घरात घ्यावे लागतात, आणि १२ गुणिले ५ बरोबर ६०. पूर्ण भारावर अडॅप्टर इतका तापला की हात ठेववेना. प्रवाह २.२ अँपियरच ठेवला तर तो सुखात असतो. प्रवाहाचे आणि भरलेल्या मिलिअँपियर-तासांचे आकडे मीटरशी जुळले. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

उन्हाळ्याविषयी मात्र आहे. मे महिन्यात दुपारी त्या मागील खोलीत ३९ अंश तापमान होते आणि चार्जरचे धातूचे कवच ५८ अंशांवर गेले. चार्जर ते सोसतो. बॅटरीला चार्ज होताना साधारण ४५ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नसते, आणि खोलीच ३९ वर असली तर उरते काय? त्या ऋतूत हे काम पहाटे करावे, हे निराळे सांगायला नको.

आता त्या फुगलेल्या बॅटरीकडे वळतो, कारण ज्येष्ठांच्या मते ती या खटल्यातील मुख्य पुरावा होती. चार्जरचा तिसऱ्या सेलविषयीचा दोष सापडताच आरोप सिद्ध झाला असे काहींनी जाहीरही केले. आम्ही बॅटरी कडेने तपासली. तिचे तिन्ही सेल सारखेच फुगलेले होते. दोष केवळ तिसऱ्या कानाच्या बहिरेपणाचा असता तर तिसरा सेल अधिक फुगलेला दिसायला हवा होता. मग मुलांना तारखा विचारल्या. ही बॅटरी होळीच्या आधी पूर्ण भरली होती, त्यानंतर परीक्षा आल्या, विमाने माळ्यावर गेली, आणि भरलेली बॅटरी त्या तापलेल्या खोलीत मे महिन्यापर्यंत तशीच पडून राहिली. लिथियमच्या सेलला पूर्ण भरलेल्या स्थितीत उन्हाळ्यात महिनोन्‌महिने ठेवणे यासारखे दुसरे वाईट नाही. ठेवायचीच असेल तर ती प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्ट, म्हणजे अर्धीमुर्धी भरलेली ठेवतात.

मुलांना हे ठाऊक नव्हते असे नाही. चार्जरमध्ये तशी सोयही आहे. परंतु भरलेली बॅटरी अर्ध्यावर आणताना हा छोटा चार्जर फक्त ५ वॉटच्या वेगाने ती रिकामी करू शकतो. ११ व्होल्टवर ५ वॉट म्हणजे अर्ध्या अँपियरहून कमी. ११०० मिलिअँपियर-तास काढायला अडीच तास. चार बॅटऱ्यांना दहा तास. उद्या गणिताचा पेपर असलेला मुलगा दहा तास तेथे बसेल काय? यंत्र आटोपशीर करण्यासाठी ज्या गोष्टीत कसर केली ती ही, आणि पाटीवर ती सर्वांत बारीक अक्षरांत आहे. आमच्या मते बॅटरी फुगण्याचे मूळ चार्जरच्या जादा भरण्यात नसून त्याच्या मंद रिकामे करण्यात आहे. उपाय सोपा आहे. शनिवारी रात्री लागतील तेवढ्याच बॅटऱ्या भराव्यात, आणि पावसाने उड्डाण रद्द झाले तर मोटारीच्या जुन्या दिव्यावर, व्होल्टता मोजत, त्या अर्ध्यावर आणाव्यात. अर्ध्या तासाचे काम.

तिसऱ्या सेलच्या दोषावरही तोड निघाली. या चार्जरमध्ये थांबण्याची व्होल्टता थोडी खाली घेता येते. आम्ही ती ४.१५ वर बांधली. आता पहिले दोन सेल ४.१५ वर थांबतात, तिसरा ४.१८ वर. बॅटरी किंचित कमी भरते. आठ मिनिटांच्या उड्डाणातले अर्धे मिनिट गेले अशी मुलांची तक्रार आहे. ती आम्ही नोंदवून घेतली आहे.

अहवालात आम्ही शिफारस केली ती अशी की बंदी घालू नये, जागा मात्र बदलावी. रंगमंचामागील खोलीत चार्जर लावू नये आणि बॅटऱ्याही ठेवू नयेत. मागील अंगणात नळाजवळ सिमेंटचा ओटा आहे तेथे, मातीच्या रिकाम्या कुंडीत बॅटरी ठेवून चार्ज करावी, आणि तिच्यापाशी एक माणूस शेवटपर्यंत बसलेला असावा. शेजारी वाळूची बादली असावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. सेल आतूनच उष्णता निर्माण करतो, त्याला वाळूने गुदमरवता येत नाही. आजूबाजूचे पेटू नये एवढेच तिचे काम. सेलची उष्णता ओढून घ्यायला भरपूर पाणीच हवे, म्हणून नळाजवळची जागा. धूर विषारी असतो, त्यापासून सर्वांनी दूर व्हावे. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या पेटीत न टाकता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे दिली; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार घरच्या कचऱ्यात ती मिसळायची नाही.

कार्यकारिणीने शिफारस मान्य केली, पण ग्रंथालय सांभाळणाऱ्या वहिनींनी तीत एक भर घातली, ती आमच्या मूळ अहवालापेक्षा सरस आहे. मल्टिमीटर मंडळाच्या मालकीचा असावा, तो ग्रंथालयाच्या कपाटात राहावा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांनी तिन्ही सेलची मोजणी त्यांच्या देखत करून वहीत लिहावी, तरच ओट्याची किल्ली मिळेल. पुस्तक परत केल्याशिवाय दुसरे न देणाऱ्या बाईंच्या पुढे मुलांचे काही चालले नाही. त्या वहीत आजपर्यंत सात नोंदी झाल्या आहेत. तिसरा सेल सहा वेळा ४.१८ वर थांबला. सातव्या वेळी, म्हणजे याच महिन्यात, ४.१९ वर. पुढच्या दोन नोंदींत तो ४.२० च्या वर दिसला तर चार्जर बदलावा असे ठरले आहे, आणि त्यासाठी लागणारी रक्कम खजिनदारांनी राखून ठेवली आहे.

ज्यांना चार्जर, मीटर आणि ती वही प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांच्यासाठी मुलांनी ओट्यावर मांडामांड केली आहे. चहाही तेथेच आहे.